कोर्ट उठेपर्यंत

विलेपार्ले (पूर्व)
१८ एप्रिल १९८५

प्रिय जयंती,

तू गेल्याला सहा महिने झाले आणि हे माझं पहिलं पत्र. घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. तुझ्या नावाचं एक सरकारी पाकीट आलंय म्हणून लिहितोय. वाहतूक पोलिसांचं आहे. तुझी लुना फेब्रुवारीत अंधेरी स्टेशनजवळच्या एकेरी रस्त्यावरून उलटी गेली आणि शिट्टी मारूनही थांबली नाही, असं त्यात म्हटलंय. हवालदाराने नंबर टिपून घेतला, आणि नंबर तुझ्या नावावर, म्हणून नोटीस तुला. पुष्कळदा नंबर टिपताना चुकतात हे लोक. किरकोळ दंड असतो, भरला की संपलं. मी बघतो. तू मनाला लावून घेऊ नकोस.

लुना जिन्याखाली आहे. नंदकुमार येऊन घेऊन जाईल म्हणाली होतीस, पण तुझा भाऊ काही आला नाही. माझी घाई नाही.

समोरच्या शुभाकडून कळलं की मुलुंडच्या शाळेत तुला तिसरीचा वर्ग मिळालाय, आणि पुढच्या जूनपासून कायम करतील. चांगलं झालं. आरेच्या दुधाच्या कार्डावर अजून दोन बाटल्या येतात. एक मी शांताबाईंना देतो, भांडी घासून जाताना नेतात. कार्ड बदलायला जायचं राहतंय.

विद्याधर


विलेपार्ले
९ जून १९८५

प्रिय जयंती,

उत्तर आलं नाही. येईल अशी अपेक्षाही नव्हती, पण पोस्टमन आला की मी गॅलरीत जातो.

तू हुशार आहेस, तेव्हा तुला मागचं पत्र वाचताना प्रश्न पडलाच असेल. लुना जर जिन्याखाली होती तर अंधेरीला कशी गेली? चालवणारा मीच. हे तेव्हाच लिहायला हवं होतं.

आधी फक्त रविवारी चालू करून बघायचो, इंजिन जाम होऊ नये म्हणून. मग एकदा गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. मग जानेवारीत एक दिवस थेट मरोळला, ऑफिसात. ज्या गाडीवरून मी तुझ्याशी चार महिने बोललो नाही, त्याच गाडीवर बसून. तू शिकवण्यांच्या पैशातून घेतलीस, मला न विचारता घेतलीस, एवढंच तिचं पाप. ड्रॉइंग ऑफिसातला विश्वास म्हणाला होता, ‘काय कर्णिक, मिसेस लुनावर आणि साहेब बस-स्टॉपवर?’ सगळे हसले. मी घरी येऊन गप्प बसलो तो बसलोच. त्या विश्वासची मागच्या वर्षी बडोद्याला बदली झाली. कोणासाठी गप्प बसलो होतो, कोण जाणे.

त्या दिवशी उशीर झाला होता म्हणून उलटा शिरलो. शिट्टी ऐकली. माझ्याकडे लायसन्स नाही हे तुला माहीत आहे. बावीस वर्षांच्या नोकरीत एक लेट मार्क नसलेला माणूस मी, आणि रस्त्यात हवालदारासमोर लायसन्स नाही म्हणून उभं राहायचं? मी मूठ पिळली. वळणावर इंजिन गचके द्यायला लागलं तेव्हा पायडल मारत सुटलो, ऑफिसच्या बॅगेसकट. बघणारे हसले असतील.

नोटिशीतली तारीख उलटून गेली आहे. मी गेलो नाही. एक कारण लायसन्स. दुसरं सांगितलं तर वेडेपणा वाटेल. पाकिटावर टाइप केलं होतं, ‘श्रीमती जयंती विद्याधर कर्णिक’, आणि खाली आपला पत्ता. तू गेल्यापासून तुझ्या नावाने या घरी आलेलं ते पहिलंच काही. ते परत करावं किंवा भरून मोकळं व्हावं असं वाटेना. टेबलावर ठेवलं. सहा-सात दिवस ते तिथेच होतं. पोस्टमनच्या, सरकारच्या लेखी तू इथेच राहतेस.

पण मी बघतो. काळजी करू नकोस.

विद्याधर


विलेपार्ले
२५ ऑगस्ट १९८५

प्रिय जयंती,

कोर्टाचं समन्स आलं. एक हवालदार घेऊन आले होते, राजाराम नावाचे. साधा माणूस. पाणी मागितलं, ते दिलं.

‘बाई आहेत का?’

मी म्हटलं, ‘माहेरी गेल्यात.’

‘कधी येतील?’

‘येतील एवढ्यात.’

‘मग तुम्ही घ्या. घरातल्या पुरुष माणसाने घेतलं तरी चालतंय. सही करा, आणि नातं लिहा.’

मी सही केली आणि नात्याच्या जागी ‘पती’ लिहिलं. जाताना ते जिन्यात थांबून म्हणाले, ‘साहेब, बारकं काम आहे. बाईंना घेऊन एकदा कोर्टात जाऊन या, पाच मिनिटांत मोकळे व्हाल. असलंच काम लोक वाढवून ठेवतात बघा.’

तारीख १९ सप्टेंबर, अंधेरी कोर्ट. तुला यायची गरज नाही. मी जाऊन सांगणार आहे सगळं. अर्जित रजा शिल्लक आहे.

श्रावणातल्या सत्यनारायणाला शुभाने आरतीला बोलावलं होतं. जाणार होतो, मग दार लावून रेडिओ ऐकत बसलो. तुझ्या आवाजाशिवाय आरती लंगडी होते असं शुभाची सासू म्हणाल्याचं नंतर कळलं.

विद्याधर


विलेपार्ले
२७ जानेवारी १९८६

जयंती,

काल नंदकुमार येऊन गेला. त्याने सांगितलं तेव्हा कळलं.

तो आत आला नाही. दारातच उभा होता. सात वर्षं ‘विद्याधरराव, तुम्ही’ म्हणणारा माणूस. म्हणाला, ‘तुला कल्पना आहे काय झालं त्याची? शुक्रवारी सकाळी शाळेत पोलीस आले. एक हवालदार, एक बाई पोलीस. जयू वर्गात कविता शिकवत होती. बाहेर बोलावून वॉरंट दाखवलं. पोरं खिडकीला लटकलेली. एका पोराने ओरडून विचारलं, बाईंनी काय चोरलं? त्यांनी तिला रिक्षात घालून अंधेरी कोर्टात नेलं. मला निरोप मिळून मी जामिनाला पोचेपर्यंत चार वाजले. तोवर ती पाकीटमारांच्या रांगेत बसून होती.’

मी त्याला आत यायला सांगितलं.

तो म्हणाला, ‘मी बघतो, मी बघतो, असं लिहीत होतास ना? तिने मला पत्रं दाखवली. मी म्हटलं होतं, आपण जाऊन भरून टाकू. ती म्हणाली, नको दादा, ते बघतो म्हणालेत म्हणजे बघतील, कागदपत्राच्या बाबतीत ते चोख आहेत. काय बघितलंस रे तू?’

एवढं बोलून तो जिना उतरून गेला.

जयंती, मी १९ सप्टेंबरला कोर्टापर्यंत गेलो होतो. फाटकाबाहेर उभा राहिलो. आत शिरलो असतो तर लायसन्स, पळून जाणं, समन्सवरची सही, सगळं एकदम निघालं असतं. समोर चहा प्यायलो आणि ऑफिसला गेलो. अर्ध्या दिवसाची रजा लागली. मग नोव्हेंबरात राजाराम वॉरंट घेऊन आले. तुझा मुलुंडचा पत्ता त्यांना शांताबाईंनी दिला. त्या बिचारीला काय माहीत. विचारलं, तिने सांगितलं. मी घरी असतो तर थांबवलं असतं.

शाळेत काही बोलले का? कळव. एक ओळ तरी.

विद्याधर


विलेपार्ले
९ फेब्रुवारी १९८६

प्रिय जयंती,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी. पुन्हा पुन्हा वाचल्या, त्यामुळे पाठच आहेत. ‘१७ तारखेला अंधेरी कोर्टात मला हजर राहायचं आहे. तुम्ही आलात तर बरं. नाही आलात तरी मी जाणार आहे.’

येतो. पण त्याआधी एक लिहायचं आहे, कारण ते न लिहिता तुझ्यासमोर उभं राहवणार नाही.

शांताबाईंनी पत्ता दिला नाही. नोव्हेंबरात राजाराम आले तो रविवार होता, शांताबाई अजून आल्याही नव्हत्या. मी घरीच होतो.

ते म्हणाले, ‘साहेब, म्हटलं होतं ना? आता वॉरंट निघालं. जामिनाचं आहे, घाबरायचं काम नाही. पण बाईंना हजर करावं लागंल. कुठे आहेत त्या?’

मी म्हणू शकलो असतो, बाईंचा काही संबंध नाही, चालवणारा मी. तोंडाशी आलं होतं. त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, ‘का तुम्हीच चालवत होता?’ अगदी सहज विचारलं, थोडं हसून. माणूस वाट काढून देत होता मला.

मी म्हटलं, ‘नाही, मला गाडी चालवता येत नाही.’

मग मी कागद घेतला. ड्रॉइंगच्या खाली लिहितो तशा सुट्या, सरळ अक्षरांत तुझ्या भावाचा पत्ता लिहिला. खाली शाळेचं नाव लिहिलं. शाळेचं तर त्यांनी विचारलंही नव्हतं. ते मी का लिहिलं, हे गेले तीन महिने स्वतःला विचारतोय. दिवसा तू घरी नसतेस, त्यांना हेलपाटा नको, असं त्या क्षणी वाटल्याचं आठवतं. इतका मी व्यवस्थित माणूस.

कदाचित असंही असेल की तुला माझ्याकडे यावं लागेल, काहीतरी विचारायला, भांडायला, असं मनात असेल. मला नक्की सांगता येत नाही. पण नसेलच असं म्हणवत नाही.

१७ ला भेटू.

विद्याधर


विलेपार्ले
१८ फेब्रुवारी १९८६

प्रिय जयंती,

कालचं सगळं तुझ्यासमोरच झालं, तरी लिहितो. मला माझ्या बाजूने ते कुठेतरी मांडून ठेवायचं आहे.

तू निळी साडी नेसली होतीस आणि बारीक झाली आहेस. मी मागच्या बाकावर होतो. तुझं नाव पुकारलं तेव्हा तुझ्याआधी मीच उभा राहिलो आणि शिपायाने मला खाली बसवलं.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, ‘गुन्हा कबूल आहे?’ तू म्हणालीस, ‘मी गाडी चालवत नव्हते.’ ते म्हणाले, ‘मग कोण?’ आणि तू गप्प राहिलीस. त्या गप्प राहण्यात तू मला जागा करून दिलीस. माझं नाव तू घेऊ शकली असतीस.

‘साहेब, मी.’

‘तुम्ही कोण?’

‘नवरा.’

‘लायसन्स?’

‘नाही.’

‘समन्सवर सही कोणाची?’

‘माझी.’

‘बाईंना कळवलंत?’

‘मी बघतो, असं कळवलं होतं.’

‘आणि बघितलं नाहीत.’

कोर्टात दोघेतिघे हसले. त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे नीट पाहिलं. ‘कुठे काम करता?’ मी सांगितलं. ‘शिकलेले दिसता. तुम्ही वेळेवर आला असतात तर मी दोन मिनिटं घालवली नसती या कागदावर.’ तुझी सुटका झाली. मला दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून राहण्याची शिक्षा. मला वाटलं होतं, आत टाकतील. ही अशी शिक्षा असते हे मला ठाऊक नव्हतं. नुसतं बसायचं.

तू जायला मोकळी होतीस. नंदकुमार बाहेर होता. पण शाळेत दाखवायला निकालाची नक्कल हवी म्हणून तू थांबलीस, आणि बसायला दुसरी जागा नव्हती. बाकाच्या त्या टोकाला तू, या टोकाला मी. मधे एक म्हातारा फेरीवाला, तो साडेतीनला गेला. त्यानंतर मधे कोणी नव्हतं.

दीड वर्षाने आपण एका बाकावर. मी मनात वाक्यं जुळवत होतो. तूच बोललीस.

‘शिट्टी ऐकू आली होती?’

‘हो.’

‘मग थांबला का नाहीत?’

‘घाबरलो.’

कारकून टेबलावर शिक्के मारत होता. मग म्हणालीस, ‘घाबरलात की तुम्ही गप्प बसता. मला इतकी वर्षं तो राग वाटायचा.’

मी काही बोलायच्या आत कारकुनाने तुला हाक मारली. तू नक्कल घेतलीस, घडी घालून पर्समध्ये ठेवलीस आणि दारातून गेलीस. वळून पाहिलं नाहीस हे बरंच केलंस. त्यानंतर पाऊण तास मी बसून होतो. सहा-सात खटले झाले. एकही ऐकला नाही.

विद्याधर


विलेपार्ले
३० एप्रिल १९८६

प्रिय जयंती,

तुला जूनपासून ठेवणार नाहीत असं शुभा म्हणाली, म्हणून शाळेत गेलो होतो, हे तुला कळलं असेलच. तुला न विचारता गेलो. नको म्हणाली असतीस.

मुख्याध्यापिका सुनंदाबाईंनी बसायला सांगितलं. शाळा समितीचे अध्यक्षही आले होते. मी कोर्टाच्या निकालाची प्रत ठेवली, माझं पत्र ठेवलं, आणि तोंडी सगळं सांगितलं. गाडी, शिट्टी, समन्स, पत्ता. शाळेचं नाव मीच लिहून दिल्याचंही सांगितलं. सुनंदाबाई मान खाली घालून ऐकत होत्या. म्हणाल्या, ‘कर्णिकबाईंच्या वर्गात मुलं पाढे म्हणायला भांडतात हो. अशी बाई मला परत मिळायची नाही.’

मला वाटलं, झालं काम.

मग अध्यक्ष बोलले. माणूस वाईट नाही. ‘तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, साहेब. पण पालकांनी पोलीस बघितले. तुमचं पत्र त्यांनी नाही बघितलेलं. आम्ही घरोघर जाऊन वाचून दाखवणार आहोत का?’

मी म्हटलं, ‘मी जातो. नावं द्या, मी घरोघर जातो.’

ते ओशाळल्यासारखे झाले. ‘जागा भरली. जूनपासून दुसऱ्या बाई येतायत.’

बाहेर पडलो. परीक्षा संपलेल्या, पटांगणात पोरं लंगडी खेळत होती. त्यातली तुझी कोणती, ते मला ओळखता येण्यासारखं नव्हतं. पाच रस्त्याच्या चौकापर्यंत चालत आलो. तुझ्या भावाची बिल्डिंग तिथून दिसते. तिसऱ्या मजल्यावर दोरीवर कपडे वाळत होते. वर आलो नाही.

नंदकुमारला म्हणावं, लुना रविवारी न्यायला हरकत नाही. मी टाकी भरून ठेवली आहे.

विद्याधर


विलेपार्ले
२० जुलै १९८६

प्रिय जयंती,

हे पत्र महाडच्या पत्त्यावर टाकतो आहे. पत्ता शुभाने दिला. तिच्यावर रागावू नकोस. मुलींच्या वसतिगृहाची शाळा आहे, राहायची सोय तिथेच आहे, एवढं तिने सांगितलं. तू मुलुंडला असतानाही मला भेटत नव्हतीस, तरी महाड म्हटल्यावर घर आणखी रिकामं वाटायला लागलं. याला काही अर्थ नाही, पण वाटलं.

तुझ्या वकिलांचं पाकीट मंगळवारी आलं. यावर माझं नाव आहे. मी ते त्याच दिवशी उघडलं, त्याच दिवशी वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी अर्धी रजा घेऊन फोर्टात त्यांच्या ऑफिसात जाऊन तुझ्या सहीशेजारी सही केली. वकील म्हणाले, ‘एवढी घाई नव्हती, विचार करायला वेळ घ्या.’ मी म्हटलं, वेळ घेण्याचा मला वाईट अनुभव आहे.

दोघांच्या संमतीचा अर्ज आहे, त्यामुळे भांडण नाही. कारणाच्या जागी त्यांनी लिहिलंय, ‘उभयतांचे स्वभाव जुळत नसल्यामुळे.’ तू सांगितलंस ते हेच का, की त्यांच्याकडे असं छापील वाक्य असतं, मला माहीत नाही. मी ते खोडलं नाही. खोडाखोड झाली तर अर्ज परत करतील, म्हणाले.

पण ते खरं नाही, जयंती. माझ्या ताटाखाली पाट सरकवायला तू कधी विसरली नाहीस. लुना घेतलीस त्या संध्याकाळी पेढे आणले होतेस आणि पहिला माझ्यासमोर धरला होतास. मी वर्तमानपत्राचं पान उलटलं. त्यानंतर चार महिन्यांत तू तीन वेळा विचारलंस, ‘माझं काय चुकलं ते तरी सांगा.’ तिन्ही दिवस मला आठवतात. एकदा तर तुला ताप होता. स्वभाव न जुळायला दोन माणसं बोलावी तरी लागतात.

कोर्टाची तारीख १४ ऑगस्ट आहे. मी साडेदहाला तिथे असेन. न्यायाधीशांनी विचारलं तर त्यांना हे सगळं सांगेन, असं मी लिहिणार होतो.

विचारलं नाही, तरी सांगेन.

विद्याधर